बाणाचं दुसरं टोक

३ जुलै

ताई,

आधी वर 'सप्रेम' लिहिलं होतं, ते खोडलं. आज माझ्या अंगात प्रेमाचा लवलेश नाही, आणि नसलेलं लिहायची मला सवय नाही.

फोन करून पाहिला. दर वेळी भावजींनी उचलला आणि दर वेळी तू अंघोळीला गेलेली. इतकी स्वच्छ बाई आपल्या घराण्यात आजवर झाली नसेल. भावजी बिचारे खोटं बोलताना इतके अडखळतात की शेवटी मलाच त्यांची दया आली. म्हणून कागद घेऊन बसले.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. स्टाफरूममध्ये सगळे तिला पणती म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'पण'पासून सुरू होतं. 'पण मॅडम, एन्झाइमला कसं कळतं कुठे चिकटायचं?' 'पण मॅडम, हे कुणी बघितलं होतं?' बाकीचे शिक्षक वैतागतात. मला विचारशील तर अशी एक जरी समोर बसलेली असली तरी तासाला जावंसं वाटतं. ही मुलगी बाकी सगळ्या विषयांत व्यवस्थित पास झाली आणि बायोकेमिस्ट्रीत नापास. मासा पाण्यात बुडाला म्हणून कुणी सांगावं, तसं मला वाटलं.

तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. प्रश्न तूच काढलेला आहेस, तरी लिहिते. 'दीर्घ उपासमारीत शरीरातील चरबीपासून साखर तयार होऊ शकते का? आकृतीसह स्पष्ट करा.'

पोरीने लिहिलंय, नाही. चरबी तुटली की तिचे दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांपासून मागे साखरेकडे जाणारा रस्ता माणसाच्या शरीरात नसतो. साखरेकडून तुकड्यांकडे येता येतं, उलट जाता येत नाही. चरबीच्या रेणूत ग्लिसरॉलचा एक लहानसा भाग असतो, त्याची साखर होते, पण ती थोडीच. खाली आकृती. साखरेच्या बाजूच्या पायरुव्हेटकडून ॲसिटिल को-एकडे, म्हणजे त्या तुकड्यांकडे जाणारा बाण, एकाच टोकाचा, आणि त्याच्याखाली ठसठशीत अक्षरात 'एकेरी रस्ता'.

याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला लिहिता आलं नसतं.

आणि त्या बाणाच्या शेपटीला कुणीतरी लाल शाईने दुसरं टोक काढलंय. शेजारी शून्य.

कुणीतरी कशाला, तू काढलंयस. पोकळ त्रिकोण काढून त्याच्या मधोमध बारीक रेघ मारणारी बाई या विषयात दुसरी नाही. शून्याला खाली शेपूट काढणारीही नाही. तुझं अक्षर गिरवत मी मोठी झाले, मला ते अंधारातसुद्धा ओळखता येईल. म्हणजे पोरीने बरोबर लिहिलं होतं, ते तू आपल्या हाताने चूक केलंस आणि वर त्याला शून्य दिलंस. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. दोन दिवस घरात भांडी आपटतेय. माझा नवरा भीतीने स्वतःचा चहा स्वतः करतोय.

पणतीला पुढच्या वर्गाला जागा मिळालेली आहे. या महिन्याअखेर पास झाल्याचा निकाल दाखवला नाही तर ती जागा जाईल, आणि जागा गेली की वडील तिला मामाच्या टाइल्सच्या दुकानात बसवणार. तसं बोलणंही होऊन गेलंय. वडील वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं, जमत नाही तिथे कशाला डोकं आपटायचं. तिला जमतं हे त्यांना कोण सांगणार? सांगायचं काम तुझं होतं.

तेव्हा पेपर काढ, उत्तर वाच, मार्क दे. माफीबिफी नको. ती तुला जमत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

तुझी धाकटी

११ जुलै

ताई,

लेटरहेडवर उत्तर. सख्ख्या बहिणीला. वर कॉलेजचं नाव, 'संदर्भ: आपले दि. ३ चे पत्र', खाली सही आणि सहीच्या खाली 'विभागप्रमुख'. बरं झालं सांगितलंस, नाहीतर मला कसं कळलं असतं. जावक क्रमांक टाकायचा तेवढा राहिला.

लिहितेस, 'मूल्यमापन मॉडेल आन्सरनुसार करण्यात आले आहे.' मॉडेल आन्सर कुणी केलं? तू. कशावरून केलं? तुझ्या नोट्सवरून. वकील तू, न्यायाधीश तू, आणि साक्षीदार म्हणूनही तूच उभी. मग पोरीने बोलायचं कुणासमोर?

दुसऱ्या परिच्छेदात तर कमालच केलीस. 'चरबीतील ग्लिसरॉलपासून साखर तयार होत असल्याने होय हे उत्तर तत्त्वतः चुकीचे म्हणता येणार नाही.' अगं, ग्लिसरॉल पोरीने लिहिलंय. तिच्या उत्तराच्या चौथ्या ओळीत आहे. तू वाचलंच नाहीस, नुसता बाण बघितलास आणि पेन चालवलंस. तुझ्या मॉडेल आन्सरमध्ये ग्लिसरॉलचं नाव तरी आहे का? मी ते मिळवून पाहिलं. कसं मिळवलं ते विचारू नकोस. त्यात ॲसिटिल को-एवरून सरळ मागे पायरुव्हेटवर उडी मारलीय आणि तिथून साखरेवर. नोट्समधल्या त्या पानावर छापलंय, तसंच्या तसं. आता पकडल्यावर ग्लिसरॉल आठवलं.

नोट्सबद्दल मी तोंड उघडू नये असं तुला वाटत असेल. उघडते. या कॉलेजात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मुलांना म्हटलं, पुस्तकं बंद करा आणि साखरेचा सगळा प्रवास कागदावर काढून दाखवा. अख्ख्या वर्गाने तो बाण दोन टोकांचा काढला. आणि टोकं कशी काढली सांगू? पोकळ त्रिकोण, मधोमध बारीक रेघ. चूक तर पाठ केलीच, तुझा हातसुद्धा पाठ केला. मी सुधारून शिकवलं, तरी परीक्षेत पणती सोडून सगळ्यांनी तुझंच लिहिलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे तुझ्या नोट्सचा ढीग असतो. मूळ पुस्तकं लायब्ररीत बंद कपाटात, काचेतून त्यांचं दर्शन घ्यायचं.

याच नोट्सपायी मी तुझं डिपार्टमेंट सोडलं. तू वर्गात स्वल्पविरामासकट सांगणार आणि मुलं माना खाली घालून लिहिणार. मी म्हटलं, मला हे असं जमत नाही, मला पोरांशी बोलत शिकवायचंय. तू काय म्हणालीस? 'तुला शिकवता येत नाही, तू गप्पा मारतेस.' भर स्टाफरूममध्ये, शिपाई चहाचे कप गोळा करत असताना. त्यालाही इतकं अवघडल्यासारखं झालं की तो माझा भरलेला कप घेऊन गेला. त्या दिवसापासून आपण आईमार्फत बोलतो. त्या म्हातारीचं टेलिफोन एक्स्चेंज करून ठेवलंय आपण.

तुला येत नसतं तर मी इतकी चिडले नसते. ज्याला येत नाही त्याला सांगता तरी येतं. तुला येतं, ताई. मला तूच शिकवलंयस.

बाबांना गिळता येईनासं झालं होतं, त्या वर्षी मी शाळेत होते आणि तू कॉलेजात. त्यांचे दंड वाळून काटकी झाले होते आणि पोट मात्र बऱ्यापैकी शिल्लक. मी विचारलं, अंगावर एवढी चरबी आहे तर शरीर तीच का नाही वापरत? तू आईचा बटणांचा डबा घेतलास आणि जेवायच्या टेबलावर ओतलास. चार पांढरी बटणं मांडलीस, म्हणालीस, हे चक्र. चरबीची दोन काळी बटणं आत घातलीस. सहा झाली. मग ती गोल फिरवत फिरवत त्यातली दोन उचललीस आणि म्हणालीस, ही श्वासावाटे बाहेर गेली. राहिली किती? मी म्हटलं चार. घातली किती? दोन. गेली किती? दोन. मग साखर करायला उरलं काय? मी म्हटलं काहीच नाही. तू म्हणालीस, म्हणून शरीर मांस तोडतं. मेंदूला साखर तर हवीच, आणि चरबीची ती होत नाही. म्हणून बाबांचे दंड असे झालेत.

मी त्या दिवशी रडले नाही. मला इतकं नवल वाटलं होतं की रडायचं सुचलंच नाही. बाबांच्या दंडात काय चाललंय ते मला माझ्या बहिणीने बटणांनी दाखवलं, आणि मी ठरवलं की आपण हेच शिकायचं. ती ताई कुठे गेली? आणि ही लेटरहेडवाली कोण बसलीय तिच्या जागी?

पणतीकडे आता फार दिवस नाहीत.

धाकटी

२० जुलै

ताई,

तुझा निरोप पोचला. आई काल आली होती. जिने चढून आली, दम लागलेला, पाणीसुद्धा न पिता म्हणाली, 'मोठीचं म्हणणं असं आहे की नोट्समधला तो बाण छापणाऱ्याने दोन्हीकडून केला. तिच्या नंतर लक्षात आलं, तोवर सगळीकडे गेलेलं होतं. आणि आता सगळ्या पोरांनी तसंच लिहिलंय. सगळ्यांना नापास करू का, असं विचार म्हणाली धाकटीला.' मग पदराने घाम पुसला आणि मला म्हणाली, 'एका बाणावरून तुम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत नाही? कसला एवढा बाण आहे तो? मला तरी दाखवा.'

मी तिला कागदावर काढून दाखवला. ती बराच वेळ बघत बसली. म्हणाली, 'बाई गं, एवढुसा?'

तर तुला माहीत होतं. मला वाटलं होतं, निदान नोट्स नजरचुकीने तशाच राहिल्या असतील, इतकी वर्षं तीच पानं शिकवून शिकवून तुझी नजर मेली असेल. तेवढी सूट मी तुला मनातल्या मनात दिली होती. ती मागे घेते. तुला माहीत होतं आणि तू मूग गिळून बसलीस. एक कागद छापून त्या झेरॉक्सवाल्याच्या ढिगावर ठेवायचा होता, 'अमुक पानावरचा बाण एकाच टोकाचा वाचावा.' आभाळ कोसळलं नसतं. पण मोठ्या मॅडमचं चुकलं हे पोरांना कळलं असतं, आणि ते तुला आभाळ कोसळण्यापेक्षा वाईट.

आता तुझ्या मुद्द्याचं. तो अगदीच खोटा नाही. चुकीच्या पानावरून शिकलेल्या पोरांचा काय दोष? त्यांच्या हातात जे दिलं ते त्यांनी पाठ केलं. मी तुझ्या जागी असते तर मलाही त्यांना शून्य देववलं नसतं. मग दे ना त्यांना मार्क. कोण अडवतंय? 'होय'लाही दे आणि 'नाही'लाही दे. पण जिने बरोबर लिहिलं तिलाच तेवढं शून्य, हा कुठला न्याय?

मी यावर रात्रभर डोकं चालवलं तेव्हा कुठे ध्यानात आलं की गोम कुठे आहे. दोन्ही उत्तरांना मार्क दिले की कुणीतरी विचारणार, दोन्ही बरोबर कशी? मग पुस्तकं उघडणार, मग तुझं ते पान उघडणार. पण एकाच पोरीला शून्य दिलं की कुणी काही विचारत नाही. एक पोरगी नापास झाली, त्यात काय एवढं. पोरी नापास होतच असतात.

तू तिचा चेहरा पाहिलेला नाहीस म्हणून तुला हे जमतं. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो. माझ्याकडे ती रोज येते. काल विचारत होती, 'पण मॅडम, मी परत तेच उत्तर लिहिलं तर परत नापास करतील का?' मी काय सांगू तिला? मला त्या क्षणी तुझा इतका संताप आला की मी तिच्यावरच खेकसले, जा, प्रॅक्टिकलची तयारी कर म्हटलं. ती गेली. तिला वाटलं असणार, मीही तिला कंटाळले.

आईने जाताना विचारलं, मोठीला काय निरोप देऊ? मी म्हटलं, निरोप नाही, मी लिहीन. आता तिला मधे घालू नकोस. तिचे गुडघे दुखतात आणि आपले जिने संपत नाहीत.

धाकटी

३० जुलै

ताई,

पणती पास झाली. सुधारित निकाल काल आला, आज तिने जागा पक्की केली. वडिलांनी दुकानाचा विषय सोडला. मी वर्गात सगळ्यांदेखत तिच्या पाठीवर थाप मारली आणि घरी येताना ठरवलं की आता तुला फोन करायचा, आणि तू अंघोळीला असलीस तर बाहेर येईपर्यंत धरून ठेवायचा.

फोन केला नाही. कारण ती संध्याकाळी निकालाचा कागद घेऊन घरी आली. शेरा होता, 'बेरजेतील चूक दुरुस्त करण्यात आली.'

तिने सोबत झेरॉक्सही आणली होती. माझ्यासमोर बसून तिने बेरीज केली, मग मी केली, मग माझ्या नवऱ्याकडून करून घेतली, तो बँकेत आहे. पहिली बेरीज बरोबर होती. आता चुकलीय. पास होण्यापुरतीच चुकलीय, एकही मार्क जास्त नाही. शून्य जिथल्या तिथे. बाणही दोन टोकांचा, जिथल्या तिथे.

पोरगी म्हणाली, 'पण मॅडम, म्हणजे माझं उत्तर बरोबर की चूक?'

मी म्हटलं, बरोबर.

'पण मग ते मार्क उत्तराला का नाही दिले?'

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो उठून आत गेला. मी तिला काहीतरी गोलमोल सांगितलं. ऑफिसच्या पद्धती असतात, तुला जागा मिळाली ना, झालं तर मग. तिने कागदाची नीट घडी घातली, थँक्यू म्हणाली आणि गेली.

तू काय केलंस कळतंय का तुला? उत्तर सुधारायचं नव्हतं म्हणून तू बेरीज बिघडवलीस. आयुष्यात कधी बेरीज न चुकलेली बाई. आणि तुला वाटत असेल की धाकटीच्या तोंडावर तुकडा फेकला, आता ती गप्प बसेल.

मी गप्प बसले, हेच तर सलतंय. आईचा फोन आला, 'झालं ना गं तुझ्या मनासारखं? मग रविवारी या दोघी, मी स्वयंपाक करते.' मी हो म्हटलं. पोरीची जागा राहिली, आता कशाला उकरून काढायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी येते मी. माझ्याकडून फार बोलण्याची अपेक्षा ठेवू नकोस.

धाकटी

१८ ऑगस्ट

ताई,

त्या रविवारी आपण छान वागलो. तू मला पोळी वाढलीस, मी तुला पाणी दिलं, आई दोघींकडे आळीपाळीने बघत होती. भावजींनी हवेवर किती बोलावं याला काही मर्यादाच ठेवली नाही. तू निघताना म्हणालीस, 'पोरीचं काम झालं ना? मग आता राग सोड.' मी मान हलवली. मला खरंच वाटलं होतं की सुटेल.

काल लॅबसमोरच्या बाकांवर पणती खालच्या वर्गातल्या मुलींना शिकवत होती. ती आता अधूनमधून येते, त्यांना सोपं करून सांगते. मी दाराशी होते, तिला दिसले नाही. तिच्या हातात खडू होता. तिने फरशीवर आकृती काढली. पायरुव्हेट लिहिलं, ॲसिटिल को-ए लिहिलं, मधे बाण काढला, आणि मग शेपटीला दुसरं टोक काढलं. म्हणाली, 'परीक्षेत हा दोन्हीकडून काढायचा. खरं तसं नसतं. खरं काय ते मी तुम्हाला नंतर सांगते, पण पेपरात ते लिहायचं नाही.'

एक मुलगी म्हणाली, 'का?'

'मार्क जातात. माझे गेले होते. मग बेरजेत परत आले.' सगळ्या हसल्या. तीही हसली.

मी पुढे झाले. मला वाटलं ती खजील होईल. अजिबात नाही. उठून उभी राहिली आणि अगदी मनापासून म्हणाली, 'मॅडम, मी कशीबशी वाचले. यांचं तरी वर्ष वाचू दे.'

तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, ताई. माया होती. खालच्या पोरींचं भलं व्हावं म्हणून ती त्यांना चूक शिकवत होती, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळ्यांना नापास करू का, म्हणून तू आईजवळ निरोप दिला होतास, तेव्हा तुझ्याही मनात हीच माया असेल, असं मी धरून चालते. मला आता या मायेची किळस आलीय. मी तिला शिकवलं की रस्ता एकेरी आहे. तू तिला शिकवलंस की एकेरी आहे हे माहीत असावं आणि लिहू नये. तुझा धडा जास्त पक्का बसला. तुला शिकवता येतं, मान्य.

मी तिला रागावले नाही. खडू घेतला, पायाने ते टोक पुसलं, खाली बसले आणि त्या मुलींना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मधून मधून पणतीकडे बघत होत्या, मॅडम म्हणतात ते परीक्षेत चालेल का म्हणून.

तेव्हा आता ऐक. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे मी तक्रार लिहिली आहे. उद्या स्वतः जाऊन देणार आहे. त्यात मॉडेल आन्सर चुकीचं आहे, नोट्समधलं पान चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे पेपर काढणाऱ्या बाईंना माहीत होतं, असं तुझ्या नावानिशी लिहिलंय. पुढच्या परीक्षेच्या आधी सगळ्या कॉलेजांना दुरुस्ती कळवावी, आधीच्या मुलांनी दोहोंपैकी कसंही लिहिलेलं असलं तरी त्यांना धक्का लावू नये, आणि तोवर पेपर दुसऱ्या कुणी काढावा, अशी मागणी केली आहे. तुझं परीक्षकपद जाईल. कदाचित विभागप्रमुखपदही. मला ते कळतंय.

बेरजेबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहिलं तर पोरीची जागा जाईल. म्हणजे तेवढ्यापुरती मीही तुझ्याच पंगतीला बसले, आणि त्याचा राग कुणावर काढायचा ते मला कळत नाही, म्हणून तोही तुझ्यावरच काढतेय.

हे तुला आधी कळवतेय ते तू काही करावंस म्हणून नाही. करायला तुला वर्षं होती. तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये एवढंच. नाही म्हटलं तरी बहीण आहेस.

आईला मी सांगणार नाही. या वेळी तू सांगायचंस. म्हणावं, धाकटीने माझ्यावर तक्रार केली, आणि तिने लिहिलंय ते खरं आहे. पहिलं वाक्य तू सांगशीलच. दुसरं जमतं का बघ.

धाकटी